तो नक्कल करत होता. तू काय करत होतास?

मोबाइल पालथा ठेव आणि समोर बस. बाकीच्यांनीही ऐका. आज याचा डाव हाती लागला म्हणून याला बोलतोय, पण हेच रडगाणं तुमच्यातल्या आणखी काहीजणांनी गायलेलं आहे.

"सर, समोरचा माझ्याच चाली कॉपी करत होता, मग मी काय करणार?" दारात चप्पल काढता काढता तू हे म्हणालास. दोष कोणाचा हे आधीच ठरवून आला होतास आणि मी फक्त मान डोलवायची होती. मी मान डोलवणार नाही. मी तुझा डाव पाहिलाय, चालीमागून चाल, आणि प्रत्येक चालीसमोरचं घड्याळही.

दहा मिनिटांचा डाव. पांढरी मोहरी तुझी, म्हणजे पहिली चाल तुझी. तू ई४ खेळलास, तो ई५. तुझा घोडा एफ३ वर, त्याचा एफ६ वर. तुझा दुसरा घोडा सी३, त्याचा सी६. तू उंट बी५ वर नेलास, त्याने बी४ वर. तू कॅसलिंग केलंस, त्यानेही केलं. डी३, डी६. सातव्या चालीला तुझा उंट जी५ वर आला, त्याचा जी४ वर. पट वरून खाली पाहिला तर अगदी सारखा. इथे तू पहिल्यांदा थांबलास. मला बरं वाटलं, म्हटलं पोरगा विचार करतोय. आणि मग तू राजा उचललास आणि एच१ वर ठेवलास.

कशासाठी? "तो हेसुद्धा कॉपी करतो का ते बघायचं होतं." बघितलंस? त्याचा राजा एच८ वर गेला. तू परत जी१, तो परत जी८. मग तू चॅटमध्ये लिहिलंस, 'चोर, स्वतःचं डोकं नाही का?' मग तक्रारीचं बटण दाबून कळवलंस की हा फसवणूक करतोय. आणि मग हाताची घडी घालून उरलेलं घड्याळ संपू दिलंस. वेळेवर हरलास. आता इथे येऊन सांगतोस की त्याने तुला हरवलं. ज्याने त्या डावात एकही चाल स्वतःची केली नाही, तो तुला कसा हरवेल?

पट घे. मांड ती स्थिती, राजा जी१ वर परतल्यानंतरची. दहावी चाल तुझी आहे. बोटांनी हलव, तोंडाने नको.

सी३ चा घोडा डी५ वर. तो नक्कल करणार आहे ना? करू दे. त्याचा सी६ चा घोडा डी४ वर. तू बी४ वरचा त्याचा उंट घोड्याने खा. तो बी५ वरचा तुझा खाईल. घोडा परत डी५ वर आण. तो परत डी४ वर आणेल. आता तुझा वजीर डी२ वर. त्याचा डी७ वर. अजून सगळं सारखं आहे, आणि तू असतास तर इथेही चिडलाच असतास. आता चौदावी चाल. तुझा जी५ चा उंट एफ६ चा घोडा खातो. त्याचा जी४ चा उंट एफ३ चा घोडा खातो. पंधराव्या चालीला तुझा घोडा ई७ वर, शह.

आता करू दे नक्कल! त्यालाही डी४ चा घोडा ई२ वर टाकून तुझ्या राजाला शह द्यायचाय, चाल अगदी हाताशी आहे. पण स्वतःच्या राजावर शह असताना तो निवारल्याशिवाय दुसरं काही करता येत नाही. वजिराने घोडा खाल्ला तर तुझा एफ६ चा उंट वजीर खाईल. म्हणून राजा एच८. उंटाने जी७ चं प्यादं खा, शह. राजाला तो उंट खावाच लागतो, दुसरं घर नाही. डी२ चा वजीर तिरका सरळ जी५ वर, शह. राजा परत एच८. वजीर एफ६ वर आणि मात. जी८ वर पळेल म्हणावं तर ई७ चा घोडा ते घर धरून बसलाय.

दहाव्या चालीपासून मोज. नऊ चाली. तो शेवटपर्यंत नक्कल करत राहिला असता तर नऊ चालींत मात होती, आणि मधे कुठे थांबला असता तरी पहिला फटका तुझा असता. हे मी शोधलेलं नाही. फोर नाइट्स नावाच्या या ओपनिंगमध्ये ही फार जुनी, पुन्हा पुन्हा शिकवली गेलेली ताकीद आहे. म्हणूनच जाणकार काळा सातव्या चालीला नक्कल सोडतो आणि बी४ च्या उंटाने सी३ चा घोडा खाऊन टाकतो. डी५ वर उडी मारणारा घोडाच त्याला पटावर नको असतो. तुझ्या प्रतिस्पर्ध्याला हे माहीत नव्हतं. तुलाही नव्हतं. फरक इतकाच की चाल तुझी होती.

आणि त्या राजाच्या फेरीबद्दल आणखी ऐक, कारण त्याची मला सगळ्यात जास्त चीड आली. आठव्या चालीला राजा एच१ वर ठेवलास तेव्हा तू पहिल्या चालीचा हक्क उचलून त्याच्या हातात दिलास. त्याने नक्कल सोडून तिथेच घोडा डी४ वर टाकला असता तर? एफ३ चा तुझा घोडा जी४ च्या उंटाने आधीच बांधलेला, त्यावर हा दुसरा मारा. जे संकट त्याच्यावर यायचं होतं ते तुझ्यावर आलं असतं. तू वाचलास तो त्याने आंधळेपणाने राजा एच८ वर नेला म्हणून. म्हणजे ज्या नक्कलेवर तू चिडलास तिनेच तुला वाचवलं, आणि तू तिथे चोर म्हणून शिवी लिहीत होतास. अजून एकदा राजा नेऊन आणला असतास तर तीच स्थिती तिसऱ्यांदा पटावर आली असती आणि त्याला बरोबरीचा दावा करता आला असता. हातात मात असताना!

आता तक्रारीविषयी. समोरच्याने आपल्यासारख्याच चाली करणं ही फसवणूक नाही. बुद्धिबळाच्या नियमांत कुठेही लिहिलेलं नाही की काळ्याने पांढऱ्यापेक्षा वेगळी चाल केली पाहिजे. ई४ ला ई५ हे उत्तर शतकानुशतकं दिलं जातंय. फसवणूक म्हणजे डाव चालू असताना इंजिन उघडून त्याची चाल खेळणं. कोणाला तरी शेजारी बसवून विचारणं. किंवा दोन डाव एकदम लावून एका तगड्या खेळाडूची चाल दुसऱ्याविरुद्ध वापरणं आणि दुसऱ्याचं उत्तर पहिल्याला देणं. तिथे खरोखर दुसऱ्याच्या डोक्याची चोरी असते. ते बटण त्यांच्यासाठी आहे. तू ते वापरलंस कारण तुला एका चालीचं उत्तर सुचलं नाही. पलीकडे कोण होतं तुला माहीत आहे? आठ वर्षांची एखादी मुलगी असेल, जिला अजून ओपनिंग येत नाही आणि जिला कोणीतरी सांगितलंय की सुचलं नाही तर समोरच्यासारखं खेळ. तिला तू चोर म्हणालास. आणि नंतर घड्याळ संपेपर्यंत तिला थांबलेल्या पटासमोर बसवून ठेवलंस. हरायचंच होतं तर डाव सोडायचा, एका क्लिकचं काम आहे. समोरच्याचा वेळ जाळणं ही खेळाडूची वागणूक नाही, आणि माझ्या वर्गातल्या मुलाची तर मुळीच नाही.

आता मुद्द्याकडे येतो. तुला वाटतं की नक्कल करणारा तुझं काहीतरी घेतोय. नीट विचार कर. तो काय घेऊ शकतो आणि काय नाही?

तू रिकामी चाल केलीस, राजा इकडून तिकडे, प्यादं एक घर उगाच पुढे, तर तो तीच करतो आणि दोघांचंही नुकसान सारखं होतं. तुझी वाईट चाल त्याने उतरवली की ती वाईट राहतच नाही. म्हणूनच "त्याला गोंधळात टाकायला मी ए३, एच३ असं काहीतरी खेळतो" हा तुमचा नेहमीचा उपाय कुचकामी आहे. त्यातून काही निघत नाही. पण तू धमकी दिलीस तर? धमकी उतरवता येते, पण तिची अंमलबजावणी आधी तुझी होते. शहाची नक्कल होत नाही, कारण आधी राजा वाचवावा लागतो. मारामारीचीही दरवेळी होत नाही, कारण ज्या मोहऱ्याने नक्कल करायची तेच तुझ्या मोहऱ्याने खाल्लं तर ते पटावर उरतच नाही. आणि मातेनंतर कोणाची पाळीच येत नाही.

पाच चालींत दाखवतो. ई४, ई५. डी४, डी५. तुझं ई प्यादं डी५ वरचं खातं, त्याचं ई प्यादं डी४ वरचं खातं. तुझा वजीर डी४ वर येऊन ते प्यादं घेतो. त्याचा वजीर तसाच डी५ वर येऊन तुझं प्यादं घेतो. आता दोन वजीर एकाच पट्टीत नाकासमोर उभे आहेत आणि पाळी तुझी आहे. घे वजीर. परत खायला कोणी नाही. आता कशाने नक्कल करणार?

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात सॅम लॉइड नावाचा कोडेकार होऊन गेला. अशा सारख्या चालींचं त्याच्या नावावर सांगितलं जाणारं एक छोटं कोडं आहे. सी४, सी५. वजीर ए४, वजीर ए५. वजीर सी६, वजीर सी३. आणि चौथ्या चालीला पांढरा वजीर सी८ चा उंट खातो आणि मात. खरं तर तिसऱ्या चालीला समोरचा वजीर फुकट मिळत होता, पण कोड्याला मात हवी होती. ते घरी मांडून बघ, आणि राजाला एकही घर का नाही ते मला सांग. सांगता आलं पाहिजे, इंजिनला न विचारता.

तुझ्याच डावातही दार फार आधी उघडं होतं. दुसऱ्या चालीनंतर दोघांचे राजाकडचे घोडे बाहेर आहेत, एफ३ आणि एफ६ वर. या ओपनिंगला रशियन डिफेन्स म्हणतात, पेट्रॉव्हचा डिफेन्सही म्हणतात. अलेक्झांडर पेट्रॉव्ह हा रशियाचा एकोणिसाव्या शतकातला मोठा खेळाडू. तिसऱ्या चालीला तू घोड्याने ई५ चं प्यादं घेऊ शकत होतास. नक्कल करणारा लगेच ई४ चं घेतो. मग तू वजीर ई२ वर आणायचा. आता तो घाबरून घोडा एफ६ वर मागे नेईल तर तुझा घोडा सी६ वर उडी मारतो: मागच्या वजिराचा राजाला शह उघडा पडतो आणि घोडा डी८ च्या वजिरावर. वजीर गेला. आणि नक्कलच करायची म्हणून त्याने वजीर ई७ वर आणला तर तू वजिराने ई४ चा घोडा खा. त्याने वजिराने ई५ चा घोडा खाल्ला की तू त्याचा वजीर खा, तोही शह देऊन.

पण इथेच एक गोष्ट लक्षात घे, म्हणजे या ओपनिंगला हसणार नाहीस. २०१८ च्या लंडनमधल्या जगज्जेतेपदाच्या लढतीत फाबियानो कारुआना मॅग्नस कार्लसनविरुद्ध काळ्याने हाच डिफेन्स खेळला. सहाव्या डावात तर शेवटी कार्लसनलाच जीव मुठीत धरून बरोबरी वाचवावी लागली. मग कारुआना का नाही अडकला? कारण तिसऱ्या चालीला काळ्याने ई४ चं प्यादं खायची घाई करायची नसते. आधी डी६ खेळून तुझ्या घोड्याला हाकलायचं, आणि मग ते प्यादं घ्यायचं. दोन चाली सारख्या आणि तिसरी वेगळी. चांगला खेळाडू सारखेपणाचा फायदा घेतो आणि नेमक्या क्षणी तो सोडतो. तुझ्यासमोरचा सोडत नव्हता, ही तुझ्यासाठी पर्वणी होती.

"पण सर, सारखं सारखं खेळलं की ड्रॉच होतो ना?" हेही तू म्हणालास. कोणी सांगितलं? फ्रेंच डिफेन्सचा एक्स्चेंज प्रकार घे. ई४, ई६, डी४, डी५, आणि प्यादी डी५ वर एकमेकांना खातात. पट आरशात पाहिल्यासारखा. लोक म्हणतात हा बरोबरीचा रस्ता. १९७८ मध्ये इस्रायलमधल्या बीरशेबा इथे इटलीचा स्टेफानो टाटाई व्हिक्टर कोर्चनॉयविरुद्ध याच रस्त्याने गेला. चौथ्या चालीला त्याने उंट डी३ वर नेला. कोर्चनॉयने उंट डी६ वर नेला का? नाही. सी५ खेळून त्याने सारखेपणा मोडला, वेगाने मोहरी बाहेर काढली, आणि बाराव्या चालीला वजीर थेट जी३ वर, पांढऱ्याच्या प्याद्यांच्या तोंडात टाकला. एफ२ चं प्यादं त्याला खाऊ शकत नव्हतं, कारण सी५ च्या उंटाने ते राजाशी बांधून ठेवलं होतं. चौदा चालींत डाव संपला. काळा जिंकला.

आणि आता जो सांगतो तो डाव वहीत उतरवून घ्या, सगळ्यांनी. लोड्झ, पोलंड, १९०७. पांढरी मोहरी रोटलेवीची, काळी आकिबा रुबिनस्टाइनची. डावाची मांडणी दोन्ही बाजूंनी जवळजवळ तीच: ए आणि बी प्यादी पुढे, दोन्ही उंट लांब तिरक्या पट्ट्यांवर, घोडे जागच्या जागी, वजीर राजाच्या मूळ घरासमोर. पण रोटलेवीने वजीर आधी डी२ वर नेला आणि मग ई२ वर, म्हणजे एका कामाला दोन चाली. उंट डी३ वर नेला, सी४ वर खायला गेला, परत डी३ वर आला. पंधराव्या चालीनंतर पट थांबवून बघा. बाकी सगळं सारखं, पण काळ्याचा हत्ती डी८ वर येऊन बसलेला आणि वर पाळीही काळ्याची. पांढऱ्याने पहिली चाल कधी गमावली हे त्याला कळलंही नाही. पुढे रुबिनस्टाइनने वजीर मरू दिला, दोन्ही हत्ती एकामागोमाग पुढे झोकून दिले, आणि पंचविसाव्या चालीला हत्ती एच३ वर ठेवल्यावर रोटलेवीने डाव सोडला. हा डाव रुबिनस्टाइनचा अमर डाव म्हणून ओळखला जातो.

या डावाचा तुझ्याशी काय संबंध? सारख्या स्थितीत एका चालीची किंमत काय असते ते रोटलेवीने मोजलं. तू राजा एच१ वर नेऊन परत आणलास तेव्हा हीच किंमत उधळलीस. समोर रुबिनस्टाइन नव्हता म्हणून कळलं नाही, इतकंच.

पांढऱ्याला पहिली चाल मिळते याचा अर्थ तुम्हाला समजावा म्हणून एक सांगतो. मोठमोठ्या डावसंग्रहांत पांढऱ्याच्या वाट्याला साधारण ५२ ते ५६ टक्के गुण येतात. फायदा लहान आहे, पण खरा आहे, आणि त्याला टिकवणारी एकच गोष्ट आहे: प्रत्येक चालीला काहीतरी विचारायचं. हे प्यादं वाचवतोस का? हा घोडा कुठे जाणार? राजाकडे बघितलंस का? समोरच्याला उत्तर द्यायला लावणारी चाल नक्कल करून सुटत नाही. तुझ्या पहिल्या सात चाली चांगल्या होत्या, मी नाकारत नाही. पण आठव्या चालीला जेव्हा विचारायची वेळ आली तेव्हा तू पटाला नाही, माणसाला प्रश्न विचारायला गेलास. 'तू का कॉपी करतोस?' त्याला उत्तर द्यायची गरजच नव्हती.

का झालं असं? याचं उत्तर तुझ्या वहीत आहे. आण ती. मी तुला सांगितलं होतं की फोर नाइट्सच्या प्रत्येक चालीसमोर कारण लिही. तू काय लिहिलंस? 'उंट बी५, +०.२. कॅसलिंग, +०.१. उंट जी५, बेस्ट मूव्ह.' हे आकडे इंजिनचे आहेत. व्हिडिओत कोणीतरी सात चाली दाखवल्या, तू त्या पाठ केल्यास, आणि आठवी चाल त्या व्हिडिओत नव्हती. म्हणून तुझा राजा इकडे तिकडे फिरला. समोरच्याने तुझ्या सात चाली उतरवल्या आणि तू त्या दुसऱ्याकडून उतरवल्या होत्यास. तू त्याला जे विचारलंस, स्वतःचं डोकं नाही का, ते मी आज तुला विचारतोय. आणि मला उत्तर हवंय.

खाली बघू नकोस. रागावलोय, पण तुला टाकून देत नाही. एका पोराला त्या स्थितीत डी५ चा घोडा दिसत नाही, याने मला राग येत नाही. तो शिकवता येतो. राग येतो तो याचा की तू दोन मिनिटं पटाकडे पाहिलंसच नाही. तुझ्या घड्याळात ती दोन मिनिटं दिसतात. त्या वेळात तू त्याचं प्रोफाइल उघडलंस, त्याचं रेटिंग पाहिलंस, तो कोणत्या देशाचा आहे ते पाहिलंस. हे तूच मला सांगितलंस, अगदी अभिमानाने. त्याच दोन मिनिटांत सी३ चा घोडा कुठे जाऊ शकतो एवढं जरी बोटाने मोजलं असतंस, तर त्या यादीत डी५ होताच.

घड्याळाचंही नीट समजून घे. नक्कल करणाऱ्याला विचार करावा लागत नाही, म्हणून त्याचा वेळ वाचतो. त्याला तुझी चाल दिसल्याशिवाय काही करता येत नाही, पण दिसली की तो एका सेकंदात खेळतो. म्हणून ओपनिंगच्या ओळखीच्या चालींत तूही वेळ घालवायचा नाही. वेळ साठवायचा तो टक्कर होणार त्या चालीसाठी. आणि टक्कर कुठे होणार ते शोधायचं. मधल्या चार घरांत कोणतं मोहरं समोरच्याला भिडू शकतं? शह कोणत्या चालीत आहे? माझं मोहरं आणि त्याचं तेच मोहरं एकाच पट्टीत समोरासमोर आलं तर आधी कोण खाणार? हे तीन प्रश्न. यातल्या एकाचंही उत्तर तुझ्या बाजूचं आलं की तिकडे जायचं.

आणि सावध राहायचं. कारण सगळेच नक्कल करणारे आंधळे नसतात. काही मुद्दाम तुझ्या मागे चालतात, तू कंटाळून एक चाल फुकट घालवण्याची वाट बघतात, आणि ज्या क्षणी तू ती घालवतोस त्या क्षणी नक्कल थांबवतात. त्यांना समोर चिडणारा खेळाडू हवाच असतो.

आता दोन कामं. पहिलं, मोबाइल उचल आणि त्या खेळाडूला संदेश पाठव. चोर म्हणालो ते चुकलं, आणि घड्याळ संपू दिलं तेही चुकलं, एवढंच लिही. तक्रार मागे घ्यायची सोय असेल तर घे. नसेल तर तक्रार तपासणाऱ्यांना लिही की ती रागाच्या भरात केली होती. इंग्रजी अडलं तर मी सांगतो. आधी हे, मग पट.

दुसरं, इथे समोर बस. पांढरी मोहरी तुझी. मी काळ्याने तुझी प्रत्येक चाल उतरवणार आहे, अगदी जशीच्या तशी. कोणत्या चालीला मी नक्कल सोडेन ते तुला सांगणार नाही. दहा मिनिटं, घड्याळ लाव. मोहऱ्याला हात लावायच्या आधी त्या चालीने मला काय विचारतोयस ते मोठ्याने बोलायचं. 'सर, असंच' चालणार नाही. बाकीचे उभे राहून ऐका, आणि याने एक जरी रिकामी चाल केली तरी थांबवा. चल, पहिली चाल कर. ई४? ठीक आहे. का ई४?